पहिल्या बाकावरची रिकामी जागा

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचे, तिथं दर रविवारी चाचणी व्हायची आणि सोमवारी गुणांप्रमाणं मुलांच्या जागा बदलायच्या. पहिल्या आलेल्याला पहिला बाक, खिडकीजवळची जागा. एका रविवारी संचालकांनी तीच प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवरच्या बोलणाऱ्या यंत्राला दिली. ते पहिलं आलं. सोमवारी यादीत सगळ्यात वर ‘यंत्र’ असं लिहिलं होतं आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती.

संचालकांनी हे गमतीनं केलं होतं. पण तिथं कुणी दप्तरही ठेवेना. एरवी दाटीवाटीनं बसणारी मुलं तिथून अंग चोरून जायची. चाचणीआधी काही जण त्या जागेला हात लावून तो कपाळाला टेकवायचे. हसत कुणीच नव्हतं.

भोकरला आमच्या घरात अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील ती गावोगाव वाटायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. म्हणून मीही मुलांसाठी एक पत्रक लिहिलं. त्यात म्हटलं: उत्तरपत्रिकेतले गोल तपासणारं आपलं जुनं यंत्र एकच काम जाणतं. हे नवं वाटेल त्या विषयावर बोलतं, पुष्कळदा बरोबर बोलतं, आणि चुकतं तेव्हाही त्याच सुरात बोलतं. माणसाला पारखून त्याचं पुढचं आयुष्य सांगणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. या तीन पायऱ्या एकच समजू नका. मुलांनी पत्रक नीट घडी करून वहीत ठेवलं. पहिल्या आलेल्याला सगळंच कळतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

मग संचालकांनी यंत्राला सगळ्यांचे गुण दिले आणि मेडिकलला कोण लागणार ते विचारलं. किल्लारीच्या एका मुलीबद्दल उत्तर आलं, निवड होणार नाही. तिच्या घरी फोन गेला. दुपारच्या एसटीनं वडील तिला न्यायलाच आले. तिची पेटी होस्टेलवरून खाली, ऑफिसच्या दाराशी आली होती.

संचालक त्यांना समजावत होते. “काका, आम्ही मास्तर लोक चुकू शकतो. हे तर पहिलं आलेलं हाय.”

मी त्यांच्याच टेबलाशी बसून तिचे तेच गुण टाकले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पडद्यावर उत्तर आलं, निवड होण्याची दाट शक्यता आहे. पुढं कारणंही होती, पहिल्या वेळेइतकीच पटणारी. मी दोन्ही उत्तरं मोठ्यानं वाचली.

मुलीचे वडील म्हणाले, “भूकंपाच्या आधी आमची जमीन आतून गुरगुरायची. मी तवा धा वर्षांचा. शानी मानसं म्हनली, काय होत न्हाई, निवांत झोपा. अशीच बोलायची ती. शांत.”

त्यांनी पेटी उचलली आणि होस्टेलचा जिना चढू लागले. पोरगी राहणार होती.

तिच्यामागून मीही चढले. दोन्हींतलं खरं कोणतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कोणतंच नाही, त्याला ठाऊकच नाही. तिनं मान हलवली. दोन पायऱ्या चढून थांबली, आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, “मॅडम, अजून एकदा विचारून बघता का?”