खाली उतरवलेली अँबॅसिडर

पद्मावती आक्कांनी सुनेच्या हातातला मोबाईल जवळ ओढला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि फोटो बघितला. फोटो त्यांच्याच गाडीचा होता. पांढरी अँबॅसिडर, बेळगावात शहापूरच्या गॅरेजसमोर उभी केलेली. पण पुढून ती पार जमिनीला टेकायला आली होती. टायर रुंद, काळेभोर, आणि मडगार्डाच्या आत निम्मे शिरलेले. बैलानं चालता चालता पुढचे गुडघे टेकावेत, तशी गाडी दिसत होती.

"हे काय गं प्रणिता?"

"पुढचं सस्पेन्शन बदललं म्हणं. आत्ताच ह्यांनी फोटो पाठवला. छान दिसतीय की, आत्ती."

"छान? आणि मला विचारलं कुणी?"

प्रणितानं मोबाईल परत घेतला. सासूचा आवाज चढला की तिला काळजी वाटत नसे. आवाज उतरला की वाटे. आणि आता तो उतरला होता.

गाडी आक्कांची होती, आणि ती कागदावरच त्यांची होती असं नव्हे. त्यांच्या यजमानांची निपाणीत तंबाखूची वखार. हौसेनं गाडी घेतली खरी, पण वखारीच्या भिंतीला दोनदा धडकवल्यावर त्यांनी स्टेअरिंगचा नाद सोडला. ते डाव्या बाजूला बसून पेपर वाचायला लागले आणि आक्का वखारीच्या आवारात गोल गोल फिरून गाडी शिकल्या. बाई गाडी चालवते म्हणून चिकोडीच्या बाजारात माणसं चहाचा कप हातात धरून बघत उभी राहायची. आक्का तंबाखूचे नमुने देऊन, भाव ठरवून, जैनांच्या रीतीनं संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हावं म्हणून वेळेवर परत यायच्या. यजमान गेल्यावर वखार त्यांनीच सांभाळली. आता ती मुलगा गोमटेश बघतो. आक्का शेत बघतात, आणि अमावास्येला गल्लीतल्या बायकांना दाटीवाटीनं कोंबून स्तवनिधीच्या देवळाला नेतात. गाडी आहे म्हणून त्यांचं कुणावाचून अडत नाही.

पण गाडीचा पुढचा भाग झिजला होता. शेताकडच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या. चाक चाकोरीत गेलं की स्टेअरिंग हाताला हिसका द्यायचं, आणि घरी येईपर्यंत आक्कांचा उजवा खांदा भरून यायचा. म्हणून उन्हाळ्यात त्यांनी स्वतः फोन करून परशराम मिस्त्रीला बेळगावहून बोलावून घेतलं. त्यानं गाडीखाली पडून बघितलं आणि कट्ट्यावर बसून तीन वाटा सांगितल्या. पहिली, आहे तेच ठेवायचं आणि नुसते बुश नि पिना नव्या घालायच्या. दुसरी, स्प्रिंगांचं काम करणारे मूळचे पिळदार दांडे ठेवायचे, त्यांना नव्या पद्धतीचे उभे शॉकॲब्सॉर्बर जोडायचे आणि एखाद्या छोट्या गाडीचं विजेवरचं पॉवर स्टेअरिंग बसवायचं. तिसरी, जुनं सगळं काढून टाकायचं आणि स्प्रिंगांचा तयार सेट घालायचा. त्यात गाडी खाली बसते, वळणाला चिकटून धावते, दिसतेही झोकात.

आक्कांनी एका दमात सांगितलं, "दुसरं कर. स्टेअरिंग हलकं झालं पायजे आणि उंची बोटभर बी कमी व्हायची न्हाय. मला बांधावरनं न्यायची असती."

तेव्हा गोमटेश तिथंच होता. धाकटे दीर आप्पाण्णा होते. दोघांनीही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या होत्या.

गाडी लगेच पाठवायची होती. पण गोमटेश म्हणाला, वखारीत गडबड आहे, थोडं थांब. मग म्हणाला, परशरामला सवड नाही. असं करता करता चातुर्मास लागला. आक्का दर चातुर्मासात देवळात नियम घेतात, की चार महिने ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. उत्तरेला यमगर्णीचा पूल आणि दक्षिणेला स्तवनिधी, ही त्यांची हद्द. सगळ्या घराला ती पाठ. आक्कांनी नियम घेतला आणि त्याच आठवड्यात गोमटेशला सवड झाली. गाडी बेळगावला गेली. आक्कांना तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता, तो फोटो बघितल्यावर, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. दिवस मावळला तसं ताट झाकूनच राहिलं. गोमटेश आणि आप्पाण्णा आले ते आधीच हसत आले. आप्पाण्णांना जुन्या गाड्यांचा भारी नाद. स्वतःजवळ एकही नाही.

"वैनी, दिवाळीनंतर कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळा हाय. आपली गाडी तिथं अशी दिसंल बघा, लोकं फोटो काढून दमतील."

"मी कवा म्हटलं मला फोटो पायजेत म्हणून?"

"तसं न्हवं वैनी. घराण्याचं नाव…"

"घराण्याचं नाव माझ्या खांद्यावर कशाला? काय ठरलं होतं रं गोमटेश? तोंडानं सांग."

गोमटेशनं खुर्ची पुढं ओढली. समजूत घालायचा आवाज काढला. हा आवाज तो गिऱ्हाइकांशी बोलताना काढतो, हे आक्कांना माहीत होतं.

"आई, तू आता आणि किती दिवस चालवणार? वय बघ, खांदा बघ. आपण ड्रायव्हर ठेवू. तू मागं निवांत बस. मग उंची काय आणि स्टेअरिंग काय, तुला काय फरक पडतोय?"

तर असं होतं. गोमटेशनं नुसतं गाडीचं सस्पेन्शन निवडलं नव्हतं. आक्कांची जागा बदलली होती, पुढची काढून मागची दिली होती. ती द्यायचा ठराव करायला त्यांना कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं.

"माझं चालवणं थांबलं, हे तू ठरवलंस?"

"ठरवलं असं न्हाय…"

"मग कुणी? तुझ्या काकानं?"

आप्पाण्णांनी दोन्ही हात वर केले. "वैनी, चातुर्मास चाललाय. क्रोध हा कषाय हाय, आत्म्याला चिकटणारा मळ. उगंच कशाला कर्म बांधून घेता?"

हे ऐकून आक्का उभ्या राहिल्या.

"क्रोध कषाय हाय, मान्य. माझं कर्म माझं मी फेडीन. पण माया बी कषायच न्हवं का भावजी? कपट! माझी हद्द बघून गाडी हद्दीपलीकडं नेली. मला येता येऊ न्हाय म्हणून. देवापुढं घेतलेला नियम तुमी कुंपणासारखा वापरला. ते कोणतं पुण्य झालं? पंचांगात बघून सांगा."

आप्पाण्णा चपला शोधायला लागले. आक्का गोमटेशकडं वळल्या.

"उद्या गाडी स्तवनिधीला आणायची. परशरामाला बी आणायचं. तिथंवर मला येता येतंय."

दुसऱ्या दिवशी आक्का प्रणिताच्या स्कूटरवर मागं बसून स्तवनिधीला गेल्या. दर्शन घेतलं, पण मन लागलं नाही. हात जोडलेले आणि कान रस्त्याकडं. बाहेर नारळाच्या दुकानांपाशी थांबल्या. थोड्या वेळानं अँबॅसिडर आली. परशराम चालवत होता, मागोमाग गोमटेशची नवी उंच गाडी. आवाराच्या तोंडाशी गतिरोधक होता. अँबॅसिडर त्याच्यावर हळूहळू चढली आणि पोटाखालून असा खरवडल्याचा आवाज आला, की नारळवाल्यानं कोयता खाली ठेवला.

"गेली!" तो म्हणाला.

आक्कांनी दार उघडलं, परशरामला उतरवलं आणि स्वतः बसल्या. आवारात गाडी वळवून दाखवायची, एवढंच. त्यांनी स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. ते हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, बसल्या जागी कंबर वळवून ओढलं. रुंद टायर दगडी फरशीवर करकरले. अर्धं वळण झालं आणि खांद्यातून कळ निघून पार बोटांपर्यंत गेली. आक्कांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. इंजिन बंद केलं.

"परशराम, ह्याला पॉवर स्टेअरिंग कुठं हाय?"

"ह्या सेटमध्ये त्याला जागा राहत न्हाय, आक्का."

"मग आपलं ठरलेलं का केलं न्हाईस?"

परशरामनं गोमटेशकडं बघितलं, मग मान खाली घातली. "मी फोनवर इचारलं होतं की. आक्कांनी दुसरं सांगितलंय म्हटलं. मालक म्हणाले, आक्कांनीच मन बदललं."

नारळवाल्यानं हातातला नारळ फोडायचा थांबवला. प्रणितानं नवऱ्याकडं असं बघितलं, की तो तिच्यापासून दोन पावलं लांब सरकला.

"माझ्या नावानं खोटं सांगितलंस," आक्का म्हणाल्या. आवाज इतका खाली, की परशरामला पुढं वाकावं लागलं. "बरं. जुनं काढलेलं कुठं हाय? ते परत घालू."

परशरामनं पुन्हा गोमटेशकडं बघितलं.

"मोडीत दिलं, आई," गोमटेश शेवटी म्हणाला. "गंजलेलं होतं सगळं."

आक्का गाडीतून उतरल्या. दार आपटलं नाही. आपल्या गाडीचं दार त्यांनी आजवर कधी आपटलं नव्हतं. गोमटेशसमोर जाऊन त्यांनी तळहात पुढं केला.

"किल्ली."

"कसली?"

"तुझ्या गाडीची."

"आई, ती ऑटोमॅटिक हाय. तुला जमणार न्हाय."

"माझं लायसन तुझ्या जन्माआधीचं हाय. आण."

त्यानं किल्ली दिली. न देऊन सांगतो कुणाला? नारळवाल्यासकट सगळे बघत होते.

"परशराम, ऐक. दुसऱ्या कुठल्या मोडक्या अँबॅसिडरचा पुढचा भाग हुडक. बेळगावात न्हाय तर हुबळीत हुडक. मी सांगितलं होतं तसंच बसवायचं आणि फोन मलाच करायचा. गोमटेशला न्हाय, भावजींना न्हाय. ती गाडी तयार होईस्तोवर ही मी चालवणार. शेताला, चिखलातनं."

"आणि मी वखारीला कशानं जाऊ?" गोमटेश म्हणाला.

"ही हाय की. मेळ्यातली. फोटो काढत जा."

प्रणिताला हसू आलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि स्कूटर चालू केली.

आक्का नव्या गाडीत चढल्या. डावा पाय सवयीनं क्लच शोधत राहिला, क्लच नव्हताच. परशरामनं खिडकीतून दोन गोष्टी समजावल्या. गाडी हलली. त्यांनी ताकद लावून स्टेअरिंग वळवलं आणि गाडी भलतीच वळली, नारळाच्या ढिगाऱ्याकडं. त्यांनी ब्रेक दाबला. मग नुसत्या दोन बोटांनी वळवून बघितलं. चाकं लोण्यातून फिरावीत तशी फिरली. खांद्याला कळसुद्धा लागली नाही.

आक्कांचा राग इथं निवायला हवा होता. तो भडकला. रोज संध्याकाळी खांद्याला तेल चोळत बसलेल्या आईसमोरून गोमटेश ही गाडी घेऊन घरात यायचा. स्टेअरिंग इतकं हलकं असू शकतं, हे त्याच्या बोटांना रोज ठाऊक होतं.

निपाणीच्या रस्त्याला लागताना त्यांनी आरशात बघितलं. मागं अँबॅसिडर गतिरोधकापाशी अडली होती. गोमटेश खाली उतरून, वाकून, पुढचं चाक बघत होता. आक्कांनी थांबायला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही.