आईचा पाय आणि दादाचा सीटी स्कॅन

दादाच्या छातीतली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी फाटली होती, आणि आम्ही घरात त्याची उसण उतरवत बसलो होतो.

सुहासदादा. माझा मोठा भाऊ. परवा गेला.

सकाळी भरलेला सिलेंडर उचलून आत ठेवला आणि ओरडलाच. "बेबी, पाठ चिरतंय गं कुणीतरी!"

उसण भरली म्हटल्यावर आमच्याकडे डॉक्टर कशाला? आई पायाळू आहे. जन्मताना तिचे पाय आधी आले, म्हणून तिचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणे. लोक पार मुरारहून येतात आमच्या जयेंद्रगंजच्या घरी, तिच्याकडे.

दादा पालथा झोपला. आईने पाठीवर पाय टेकवला. "पडून राहा, उतरेल."

"फीस नाही देणार हं, आई."

नालायक. तेव्हासुद्धा जोक.

दुपारी घामाने भिजला. हात गार. मग नेलं.

ईसीजी नॉर्मल आला. मी वेडी, देवाला हात जोडले.

पण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. दोन्हीकडे वेगळं. त्यांचा चेहराच बदलला. "अभी के अभी सीटी स्कैन."

स्क्रीनवर एका नळीच्या जागी दोन दिसत होत्या. "अंदर की परत फट गई है. खून दीवार में घुस रहा है."

एओर्टिक डिसेक्शन, म्हणजे त्या मोठ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटणं. ऑपरेशन दिल्लीला, लगेच.

ॲम्ब्युलन्स दारात लागली. दादा तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

आईने डॉक्टरांना विचारलं, "मेरे पाँव से फटी क्या?"

"नहीं माँजी, बिल्कुल नहीं."

ते खरं आहे.

मग मी बाहेर एकटीने गाठलं त्यांना. सकाळीच आणलं असतं तर?

"तब शायद दिल्ली पहुँच जाते."

हे आईला सांगितलेलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाही. ती फेसबुकवर नाही म्हणून इथे ओकतेय. नाहीतर फुटेन मी.

पाठ किंवा छाती अशी एकदम चिरल्यासारखी दुखली, तर पायबिय नको. सरळ हॉस्पिटल गाठा. ईसीजी चांगला आला तरी सीटी स्कॅनचं विचारा. भांडा, पण विचारा.

आणि भेटायला याल, तेव्हा आई तुम्हालाही विचारेल. आल्यागेल्या प्रत्येकाला विचारते, "उशीर तर नव्हता ना झाला?"

नाही म्हणा. केव्हाही नेलं असतं तरी हेच होणार होतं, असं सांगा. तिच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांनी एकच खोटं बोला. प्लीज.

दादा, मला काही सुचत नाहीये रे. शेवटचा नमस्कार करते तुला.