बिनतारीवरची हाक

निवृत्त होऊन लातुरात घर बांधलं, गुडघे दुखायला लागले, कितीतरी कलमं विसरलो. पण एक आवाज काही विसरलो नाही. दिवेलागणीला अंगणात खुर्ची टाकून बसलो की तो अजून कानाशी येतो. आधी नुसती खरखर, मग लांबून, झोपेत बोलल्यासारखं एका बाईचं बोलणं: "अवो, ऐकून राहिले का?"

तेव्हा मी किनवटच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळ्याचे दिवस होते. त्या भागात संध्याकाळ फार लवकर उतरते. चुलींचा धूर आणि धुकं सागाच्या झाडांत मिसळून जातं, गुरांच्या घंटा वाजतात पण गुरं दिसत नाहीत, आणि आपण जागे आहोत की डोळा लागलाय हेच कळेनासं होतं. अशाच एका वेळी ठाण्याच्या बिनतारी कक्षात हा आवाज यायला लागला, तोही आमच्याच फ्रिक्वेन्सीवर. बाई हाक मारायची. थोड्या वेळानं पुरुषाचा आवाज यायचा, "हाव." ती म्हणायची, "इकडं समदं ठीक हाय." तो म्हणायचा, "बरं." की संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता पोलिसाच्या डोक्यानं विचार करा. त्या वर्षी सागवानाची चोरी जोरात होती. वनखातं आमच्याकडं बोट दाखवत होतं, आम्ही त्यांच्याकडं. आणि इथं रोज अंधार पडायच्या सुमाराला कुणीतरी कुणाला 'समदं ठीक हाय' सांगतंय; नाव नाही, गाव नाही. आम्ही सरळ अर्थ लावला की वनरक्षक जवळपास नाही, माल काढा. आमचे जमादार तर 'अवो' हा सांकेतिक शब्द आहे असं सांगून मोकळे झाले. माझाही त्यावर विश्वास बसला होता.

मग खबर आली. आठवडी बाजारात भजी तळणारा एक जण आमचा खबऱ्या होता. कढईतला झारा न थांबवता, माझ्याकडं न बघता त्यानं सांगितलं की नाल्याकाठच्या वस्तीतला एक माणूस शेतातल्या माळ्यावर बसून काळ्या डबड्यात बोलतो. त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळं लोकांना त्याचं मोठं नवल. मी भजी बांधून घेतली आणि ठाण्यात येऊन पंचांना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. टेकडीच्या अल्याड त्याचं हरभऱ्याचं रान होतं आणि पल्याड वस्ती. तिशीतला माणूस रानडुकरं राखत माळ्यावर बसला होता, वॉकीटॉकी सुतळीनं गळ्यात अडकवलेली. आम्हाला बघून तो पळाला नाही. खाली उतरला, राम राम केला आणि मडक्यातलं गार पाणी दिलं. चोर पाणी देत नाही असं काही नाही, पण इतक्या सावकाश देत नाही. पंचनामा केला, संच जप्त केला आणि त्याला जीपमध्ये घातलं.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. परवाना? असा काही परवाना असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. संच कुठून आणला? हैदराबादच्या एका दुकानातून, जोडीनं. दुकानदारानं सगळ्यात जास्त ताकदीचा म्हणून गळ्यात मारला आणि बटणं दाबून जुळवूनही दिला. फ्रिक्वेन्सीच्या एवढ्या आकड्यांमधून दुकानदारानं नेमका आमचाच आकडा धरला होता. इथवर गडी सरळ बोलत होता. मग विचारलं, समोरून कोण बोलतं, आणि तो अडला.

"घरून बोलून राहिले," तो म्हणाला.

घरून कोण? घरचे. घरचे म्हणजे कोण, नाव सांग. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. जमादारांचा पारा चढला. साथीदाराला पाठीशी घालतोय म्हणून त्यांनी टेबलावर दोनदा काठी आपटली. माणूस नुसता पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिला.

तेवढ्यात दिवेलागण झाली. बिनतारी कक्षातून खरखर आली आणि पाठोपाठ तो आवाज. "अवो, ऐकून राहिले का?" उत्तर कोण देणार? उत्तर देणारा आमच्या बाकड्यावर बसला होता. पुन्हा हाक आली. मग थोडं थांबून पुन्हा. दाराबाहेर धुकं दाटत होतं, कंदिलासारखा पिवळा बल्ब जळत होता, आणि ती हाक सगळ्या ठाण्यात भरून राहिली.

आमच्या ठाण्यात उदगीरकडच्या एक महिला हवालदार होत्या. त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, ही खूण-बिण काही न्हाई. बायको नवऱ्याला हाक मारायलीय. नाव कसं घेईल? आन् तिचा दम ऐका की. दोन शब्दाला थांबायलीय. दिवस भरत आलेत बाईचे."

मी त्या माणसाकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "साहेब, मारायचं तर मारा, पण मला एकदा हाव म्हनू द्या. ती तशीच बसून राहील."

त्याला उठवून कक्षात नेलं. सरकारी संचावर खाजगी माणसाला बोलू देणं नियमात बसत नाही. मी बोलू दिलं. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "हाव. मी ठीक हाय. जरा कामात हाय. भाकर खाऊन घे." पलीकडून फक्त "बरं" आलं, पण त्या एका 'बरं'मधला जीव सगळ्यांना ऐकू आला. जमादार काठी घेऊन बाहेर गेले.

मग त्यानं सगळं सांगितलं. आदल्या हिवाळ्यात बायकोला घरी एकटीला कळा सुरू झाल्या होत्या. हा टेकडीअलीकडं रानात. ती ओरडत राहिली, ऐकू कुणालाच आलं नाही. पहिलं लेकरू गेलं. "या बारीला हाक ऐकू आली पायजे, बस," तो म्हणाला. एवढ्यासाठी ती रोज संध्याकाळी संच चालतो का ते बघत होती.

कायदा कायद्याच्या जागी. दोन्ही संच जप्त केले, प्रकरण कोर्टात गेलं, दंड झाला. पण दिवस भरत आलेल्या बाईच्या हातातून आपण तिची हाक काढून घेतली, ही बोच मला स्वस्थ बसू देईना. नांदेडच्या बिनतारी विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला की बाबा, परवाना न लागणारे कमी ताकदीचे संचही मिळतात. ते घ्या, मात्र खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर विसंबू नका. ते उघड्या माळावरचं अंतर असतं, झाडी आणि टेकडी आली की ते निम्म्यावरही राहत नाही. आधी जागेवर बोलून बघा, मग विकत घ्या. पाण्यात भिजून चालेल असा घ्या. आणि एक बॅटरी जास्तीची ठेवा.

तसंच केलं. हे संच टेकडीच्या पलीकडं पोचत नव्हते, म्हणून टेकडीच्या माथ्यावरच्या वनखात्याच्या चौकीत एक ठेवायचं ठरलं. माथ्यावर मोबाइलला रेंज मिळते, तिथला वनरक्षक ऐकेल आणि रुग्णवाहिकेला कळवेल. वस्तीतल्या पाचसहा घरांनी मिळून संच आणले. शाळेच्या पटांगणात मी शिकवायला उभा राहिलो. बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलून झालं की बटण सोडा. आणि आधी कोणाच्या घरून बोलताय ते सांगा. वनरक्षकाला बायकांची नावं कुठून माहीत असणार? घरं पुरुषांच्या नावानं ओळखली जातात. झालं, बायका पदराआड हसायला लागल्या. ती कोपऱ्यात बसली होती, पोटावर हात ठेवून. तिचा नंबर आला तेव्हा तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "मी बोलते."

"बाई, मी म्हणजे कोण?" मी वैतागलो. "वस्तीत सगळ्याच मी."

ती लाजून हसली, पण नाव काही घेतलं नाही. महिला हवालदारांनीही समजावलं, तरी नाही.

काही दिवसांनी सकाळी मी त्याच चौकीत चहा घेत होतो. धुकं इतकं, की समोरचं कडुनिंबाचं झाडही दिसत नव्हतं. तिचा नवरा पहाटेच किनवटच्या बाजाराला गेला होता. संच खरखरला. "अवो..."

वनरक्षकानं विचारलं, कोणाचं घर? नुसता धापा टाकल्याचा आवाज. त्या आठवड्यात वस्तीत दोन बायकांचे दिवस भरले होते, एक नाल्याच्या या अंगाला, दुसरी त्या. आवाज तुटक येत होता, तिचा की दुसरीचा, मलाही सांगता येईना. वाट चुकली की रुग्णवाहिका नाल्यापर्यंत जाऊन परत फिरायची, आणि धुक्यात तेवढा वेळ कुणाजवळ होता? वनरक्षकानं पुन्हा विचारलं. मी संच हातात घेतला आणि म्हणालो, "माय, कोणाचं घर ते सांग. त्याबिगर आम्ही येऊ कसे?"

थोडा वेळ धुकंच बोलत असल्यासारखी खरखर येत राहिली. मग तिनं बटण दाबलं, एक श्वास थांबली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं सावकाश आणि स्पष्ट. "त्यांच्या घरून बोलते. लवकर या."

रुग्णवाहिका बरोबर वाटेनं गेली. दुपारी ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली, दोघी सुखरूप. सागवानवाले नंतर सापडले. ते साधे मोबाइल वापरत होते, बोलायचं झालं की टेकडीवर चढायचे.

नवरा बाजारातून धावत रुग्णालयात आला. मी त्याला सगळं सांगितलं. मुलगी झाली ऐकून तो हसला. नावाचं ऐकून मात्र त्याचं हसू थांबलं.

"म्हनली?" त्यानं विचारलं.

"म्हणली. पूर्ण."

तो पायरीवर बसला आणि त्यानं तोंडाला रुमाल लावला.

पुढं कुणी चांगला संच कोणता म्हणून विचारलं की मी ताकद, बॅटरी, परवाना सगळं सांगतो. शेवटी एवढं जोडतो की पलीकडं ऐकणारा माणूस आहे का, ते आधी बघा. संच नुसता आवाज नेतो. राहिलं ते नाव. ते तिनं लेकरासाठी एकदाच घेतलं. मी ते इथं लिहिणार नाही.