नऊ नंबरची खिडकी

आमच्या वन्संनी बत्तीस वर्षांत हजारो माणसांची हॉटेलात सोय लावली आणि स्वतः एक रात्रही घराबाहेर काढली नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एका लहानशा प्रवासी कचेरीत त्या बुकिंगला होत्या. कचेरी कसली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतभर नकाशे. पैसेवाली गिऱ्हाइकं तिकडे फिरकत नसत. येणारे सगळे खिसा चाचपत येणारे. निवृत्त मास्तर, नवी जोडपी, तीन मुलं आणि एक सासू घेऊन निघालेली कुटुंबं. जायचं कुठल्यातरी जुन्या ऐतिहासिक शहरात आणि मागणं ठरलेलं: खोली स्वस्त हवी, स्वच्छ हवी आणि सगळं पायी बघता आलं पाहिजे. वन्सं चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "यातल्या दोन गोष्टी हव्या असतील तर आत्ता देते. तिन्ही हव्या असतील तर परवा या."

हॉटेलवाले फोनवर वाट्टेल ते सांगतात. 'वेशीपासून दोन पावलांवर' म्हणतात आणि पाहुणा सामान ओढत अर्धा तास चालतो. म्हणून वन्संनी स्वतःची एक रीत काढली होती. भाड्याचं बोलायच्या आधी त्या सांगायच्या, "आता त्या खोलीत जा. खिडकी उघडा आणि फोन बाहेर धरा. मी सांगेपर्यंत धरून ठेवा." मग डोळे मिटून ऐकायच्या. गाड्या कमी आणि पावलं जास्त, म्हणजे जागा जुन्या शहराच्या आत. कबुतरं घुमताहेत म्हणजे शेजारी उंच दगडी इमारत. भांड्यांचा खणखणाट आला की खाली खानावळ, आणि खानावळ म्हणजे झुरळं. ऐकून झालं की "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवायच्या. कचेरीत त्यांना सगळे खिडकीबाईच म्हणत.

स्वतः का नाही गेल्या? सासूबाई. नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. दिवसा मी असायचे, पण साडेपाचला वन्संची चप्पल दारात वाजली नाही तर त्या जेवायच्या नाहीत. रात्री हाकही वन्संनाच. त्याआधी सासरे आजारी होते, त्याआधी धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, शिक्षण होतं. वन्संना कुणी जाऊ नका म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही, आणि त्यात मीही आले.

सासूबाई गेल्या, दोन महिन्यांनी वन्सं निवृत्त झाल्या. कचेरीतल्यांनी निरोपाला पाकीट दिलं: कुठल्याही शहरात तीन रात्रींचा खर्च. ते पाकीट सहा महिने गादीखाली होतं. शेवटी मीच म्हटलं, "मी येते बरोबर. कुठे जायचं तेवढं सांगा."

त्यांनी एका दमात सांगितलं. तटबंदीतलं एक जुनं शहर, चौकातलं एक तीन मजली हॉटेल आणि नऊ नंबरची खोली. अकरा वर्षांपूर्वी एका मास्तरांसाठी त्यांनी तिथे एकदाच फोन केला होता. "तशी खिडकी मी पुन्हा ऐकली नाही गं," त्या म्हणाल्या. ह्यांनी मोबाइलवरून स्वतःच्या नावाने बुकिंग केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या संध्याकाळी परत दिसाल दोघी. पैज लाव."

गाडीत वन्सं पिशवी मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्या तीन रात्री मला काढता आल्या पाहिजेत. नाही जमलं, तर बत्तीस वर्षं मी लोकांना नुसत्या थापा मारल्या असं होईल. आणि पुन्हा काही मी उंबऱ्याबाहेर पडायची नाही, हे तूही समजून अस."

हॉटेल त्या म्हणाल्या तिथेच होतं. दगडी फरसबंदीचा लहानसा चौक, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा, डोक्यावर जुना मनोरा आणि त्यावर कबुतरं. काउंटरवर वयस्क मॅनेजर बसले होते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, मान खाली, लिहिणं चालू.

"चौकाकडची नऊ नंबरची खोली," वन्सं म्हणाल्या.

त्यांचं पेन थांबलं. मान वर करायला त्यांनी जरा वेळच घेतला.

"तुम्ही आलात होय शेवटी!"

"आलो म्हणजे? बुकिंग आहे आमचं."

"तसं नव्हे हो. आवाज ओळखला. रोजचा आहे."

"रोजचा?"

"चार वाजताचा. खिडकी उघडा, फोन बाहेर धरा. अकरा वर्षं झाली बाई. जिना चढून माझे गुडघे गेले, पण तुमचा फोन चुकला नाही. आधी वाटायचं, बुकिंगवाल्या बाई आहेत, नाही म्हटलं तर गिऱ्हाइकं तोडतील. नंतर आपली सवयच पडली. खोलीत पाहुणे असले तर दार वाजवून सांगतो, जरा खिडकीचं काम आहे."

"आणि मग मी काय म्हणते?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"'बरं, कळवते.' अकरा वर्षं कळवताय!" आणि ते मनापासून हसले.

मला हसू आलं नाही. चार वाजता कचेरीत सामसूम असायची, हे मला माहीत होतं. चहाचा कप, मिटलेले डोळे, कानाला फोन लावून बसलेल्या वन्सं, सगळं चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. एखाद्याची झाकून ठेवलेली वस्तू चुकून उघडावी तसं झालं. मी पिशव्या उचलून जिन्याकडे वळले.

पहिल्या वळणावर वन्संनी माझा दंड धरला. "मी केले नाहीत गं फोन."

"असू दे हो, वन्सं."

"असू दे काय! एकदा केला. अकरा वर्षांत एकदा. आणि तुझ्या तोंडावर जी दया आलीय ना, ती आधी पुसून टाक."

खोली छान होती. दोन लोखंडी पलंग, ताणून घातलेल्या चादरी, कोपऱ्यात बेसिन. दोन झडपांची खिडकी, तिच्याजवळ तिवईवर हिरवा फोन आणि त्याची वायर चांगली लांब. खिडकीच्या कठड्यावर एकाच जागचा रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. कुणीतरी रोज तिथे कोपर टेकून उभं राहत असल्यासारखं. वन्संनी त्या जागेवर बोट फिरवलं, पिशवीतले कपडे काढून पलंगावर ठेवले आणि कडेला बसल्या.

मनोऱ्यावर चारचे टोल पडले. शेवटचा टोल विरायच्या आत खाली फोन वाजला, मग मॅनेजरची पावलं जिन्यावर वाजली. एक, थांबणं, एक, थांबणं. ते दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी वन्संकडे बघितलं. वन्संचे दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

"तुम्ही तर इथे आहात," ते म्हणाले.

तेवढ्यात खोलीतला फोन वाजू लागला. खालून त्यांनी सवयीने जोडूनच दिला होता.

वन्संनी उचलला. जुन्या फोनमधून आवाज बाहेर सांडतो, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"नऊ नंबरमधून बोलताय ना? खिडकी उघडा आणि फोन बाहेर धरा. मी सांगेपर्यंत धरून ठेवा."

वन्संचा आवाज. 'धरून' म्हणताना किंचित अडखळणं आहे ना त्यांचं, तेसुद्धा.

वन्सं उठल्या. त्यांनी झडपा उघडल्या आणि हात बाहेर काढून रिसीव्हर धरला. खाली फरशीवरून लोक चालत होते. मनोऱ्यावर कबुतरं घुमत होती. मी घड्याळात बघितलं नाही, पण पुष्कळ वेळ गेला. मग त्यांनी तो पुन्हा कानाला लावला.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"कोण बोलतंय?"

"मीच."

 पलीकडून आवाज आला, घाईचा, रागावलेला. "तू तिथे काय करतेयस? मग आईजवळ कोण?"

"आई गेली," वन्सं म्हणाल्या. "आठ महिने झाले."

"काहीतरीच काय बोलतेस! आत्ता औषध दिलं तिला. ही बघ, उठलीच."

आणि मागून खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. नऊ वर्षं त्या खोकल्यासरशी मी पाण्याचा पेला घेऊन धावले होते. माझा हात आपोआप पुढे झाला, तो तसाच हवेत राहिला.

"बरं, कळवते," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

मॅनेजर जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "चहा सांगू का?" दुसरं काय विचारणार बिचारे!

वन्सं मात्र पिशवी भरायला लागल्या होत्या. "सहाची गाडी मिळेल. चल."

"अहो, कुठे चल?"

"तू ऐकलंस ना? आई उठली होती. तिथे ती अंथरुणात एकटी..."

"एकटी कशा असतील?" मी म्हटलं. "तुम्ही आहात ना तिथे."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. शिकल्यासवरल्या बाईने बोलावं असं ते नव्हतं. पण वन्संचे हात थांबले. घडी केलेलं लुगडं छातीशी धरून त्या खाली बसल्या.

"मी आहे तिथे," त्या सावकाश म्हणाल्या.

"आहात की."

"मी आहे म्हटल्यावर आईला काही कमी पडायचं नाही."

"कधीच पडलं नाही."

"रात्री हाक मारली तर मी उठते."

"पहिल्या हाकेला उठता."

 मग त्यांनी पिशवीतले कपडे एकेक करून पुन्हा बाहेर काढले आणि कपाटात लावले. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. मला लागली नाही. शेजारच्या पलंगावर त्यांचा श्वास ऐकत मी पडून राहिले, आणि मनात एकच येत राहिलं, की या क्षणी दुसरीकडेही कुणीतरी जागं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तटावरून फिरलो. कुठला बुरूज कुठे, सावलीची बाजू कोणती, पिण्याचं पाणी कुठे, सगळं वन्संना पाठ. चौकशी करणाऱ्या दोन पाहुण्यांनाही त्यांनी वाट सांगून टाकली. चपलेने माझी टाच सोलली, म्हणून जेवण झाल्यावर मी खोलीत आडवी झाले. तीन वाजता बघते तर वन्सं आरशासमोर केस नीट करताहेत.

"मी जाऊन येते जरा."

"एकट्या?"

"का? मला काय पळवून नेणार आहे कुणी या वयात? आणि नेलंच, तर तुझ्या नवऱ्याला सांग, पैज तू जिंकलीस. ऐकली होती मी तुमची पैज."

मी खिडकीतून बघत राहिले. शिंप्याच्या दुकानाशी त्या थांबल्या, वळून वर बघितलं. मला वाटलं, आल्या आता परत. पण त्यांनी पदर खोचला आणि त्या डाव्या गल्लीत शिरल्या.

मनोऱ्यावर चार वाजले. खाली फोन वाजला. जिन्यावर पावलं आली नाहीत, मॅनेजरनी सकाळीच हात जोडून सांगितलं होतं की आता मी वर येणार नाही. क्षणभराने खोलीतला फोन वाजायला लागला. मी तो वाजू दिला. सहा वेळा, सात वेळा. मग वाटलं, पलीकडचं माणूस ओळखीचंच तर आहे. मी उचलला.

"नऊ नंबरमधून बोलताय ना? खिडकी..."

"वन्सं, मी बोलतेय."

घरात हाकेला ओ द्यावी तसं बोलून गेले मी. 

"अगं, तू? मग मी कुठे गेलेय?"

"बाहेर गेलात. फिरायला."

"कुणाबरोबर?"

"एकट्याच."

 पलीकडे सासूबाईंच्या खोलीतलं घड्याळ टिकटिकत होतं. त्या गेल्यावर ते घड्याळ ह्यांनी काढून ठेवलं आहे.

"मी परत येणार आहे का?" आवाजाने विचारलं. अगदी साधेपणाने, दूधवाला उद्या येणार आहे का असं विचारावं तसं.

खोटं बोलवेना. मी म्हटलं, "तीन रात्रींचं बुकिंग आहे, वन्सं. त्यापुढचं मला तरी कसं ठाऊक असणार?"

"बरं," आवाज म्हणाला. "मग आईचं दूध गरम करायला घेते."

खुर्ची सरकली. पावलं दूर गेली. फोन ठेवलेला नव्हता. लांबून भांड्यांचा आवाज आला आणि पातेलं कुठलं घेतलं तेसुद्धा मला कळलं. खोकला झाला, दोन आखूड, एक लांब, आणि कुणीतरी म्हणालं, "आले, आले."

मी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला. मग खुर्ची खिडकीशी ओढली आणि डाव्या गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून बसले.