वर्षभराची पानं

द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून खातात, असं मला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. जपानमध्ये हिगाशी-कसाईला आमच्या वरच्या मजल्यावर बाकूहून आलेलं एक जोडपं राहत होतं. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच ऑफिसात, एकाच प्रोजेक्टवर. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती, म्हणून आम्ही दोघी मोडक्यातोडक्या जपानीत बोलायचो. दोघींचंही सारखंच मोडकं असल्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

पहिल्याच वर्षी तिने मला डोल्मा शिकवला. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी खिमा वगळून तांदूळ, कांदा, अक्रोड, पुदिना, कोथिंबीर आणि शेपू. माहेरी शेपूची भाजी झाली की मी जेवायला मैत्रिणीकडे पळायचे. तिच्या बाल्कनीतल्या कुंडीतला शेपू हुंगला तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पानाची शिरांची बाजू वर ठेवायची, देठाशी चमचाभर सारण, दोन्ही कडा आत दुमडायच्या आणि गुंडाळायचं. माझ्या हाताला अळूवडीची सवय, त्यामुळे पहिली गुंडाळी चांगली जाडजूड झाली. तिने ती उलगडली, निम्मं सारण काढलं आणि पान पुन्हा माझ्या हातात दिलं. करंगळीएवढी हवी म्हणे. फाटकी पानं पातेल्याच्या तळाला, त्यावर गुंडाळ्या दाटीवाटीने, वर एक ताटली उपडी, म्हणजे शिजताना सुटत नाहीत. लसूण घातलेल्या दह्याबरोबर नवऱ्याने त्या दिवशी एका बैठकीत वीस फस्त केल्या.

कोवळी, तळहाताएवढी पानं मे महिन्यातच मिळतात, नंतर ती चरबट होतात. मागच्या गल्लीतल्या एका आजींच्या अंगणात द्राक्षाचा वेल होता, त्या आम्हाला हवी तेवढी पानं तोडू द्यायच्या. ती उकळत्या पाण्यातून काढायची, वीस-वीसची जुडी बांधायची, काचेच्या बरणीत दाबून बसवायची आणि वर मिठाचं पाणी ओतायचं. पुढच्या मेपर्यंत टिकतात. निम्मी तिची, निम्मी माझी, हे ठरलेलं.

तिसऱ्या वर्षीचा मे मला जास्तच आनंदाचा होता. मला नोकरी मिळाली होती. जवळच्याच एका भारतीय शाळेत, सप्टेंबरपासून. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून मी नवऱ्यामागून जपानला गेले, तेव्हा त्याने कबूल केलं होतं की तुला तिकडे काम मिळालं तर निदान तीन वर्षं आपण तुझ्यासाठी राहू. शाळेचं पत्र मी फ्रिजच्या दारावर लावलं होतं. दूध काढायला गेलं की दिसायचं. मला दिसायचं, त्यालाही दिसत असणार.

त्या मे महिन्यात पानं भरून झाल्यावर तिने माझ्यापुढे जॅमची एक चिमुकली बरणी ठेवली आणि मोठ्या चारही बरण्या स्वतःकडे ओढल्या. मला रागच आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, बाई आपमतलबी निघाली. जमेल तितक्या गोड जपानीत मी म्हटलं, आपलं निम्मं-निम्मं ठरलंय ना. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग दोन मोठ्या बरण्या माझ्याकडे सरकवल्या. जिंकल्यासारखी मी त्या घेऊन खाली आले.

झाकणं घट्ट लावायला नवऱ्याकडे दिली. वर्षभर पुरतील ना, असंही विचारलं. त्याने फडक्यात धरून झाकणं पिळली, बरणी उलटी करून गळत नाही ना पाहिलं, आणि म्हणाला, पुरतील.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी मी कचरा टाकायला खाली गेले. इमारतीची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ तिथे झाडत होते. जुलैअखेर जागा सोडताय ना, ते म्हणाले, मग पलंग, कपाट न्यायला गाडीची नोंदणी आत्ताच करून टाका, मागाहून तारीख मिळत नाही. त्या भाषेसाठी मी तीन वर्षं घासली होती. एक शब्द निसटला नाही. मी कमरेत वाकून त्यांचे आभार मानले आणि कचऱ्याची पिशवी तशीच हातात घेऊन वर आले.

नवरा चहा पीत होता. त्याने नाकारलं नाही. पुण्याच्या ऑफिसात वरची जागा रिकामी झाली होती आणि त्याने होकार कळवला होता. कधी, तर एप्रिलमध्ये.

"तेव्हाच सांगितलं असतं तर तू एप्रिलपासून रडत बसली असतीस," तो म्हणाला. "हे दोन महिने तरी आनंदात गेले ना तुझे?"

माझ्या नोकरीचं काय, विचारलं, तर पुण्यात काय शाळा नाहीत का, म्हणाला.

मी तडक वर गेले. दार उघडताच तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तिच्या नवऱ्याने तिला कधीच सांगितलं होतं, आणि माझ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही असं माझ्याच नवऱ्याने बजावलं होतं.

"मी लहान बरणी दिली होती," ती म्हणाली. "तुला कळेल असं वाटलं."

मी खाली आले. त्या क्षणी मला नवऱ्यापेक्षा तिचा जास्त संताप आला होता. नवऱ्याने आजवर छोट्यामोठ्या थापा मारल्या होत्या, तिने कधीच नाही. आता इतक्या वर्षांनी मनात येतं, सगळ्यांत निदान तिने तरी काही करून पाहिलं. पण मग वाटतं, तोंड होतं ना तिला.

शेवटच्या आठवड्यात मी त्या बरण्या काढल्या. काच वेगळी, झाकण वेगळं, पानं वेगळी, असा तिथला कचऱ्याचा नियम. झाकणं मात्र माझ्याने तसूभर हलेनात. शेवटी त्यालाच हाक मारावी लागली. फडकं घेऊन त्याने दोन्ही उघडली आणि जायला निघाला. मी म्हटलं, थांब. मी वर्षभर पुरतील ना म्हणून विचारलं आणि तू ही झाकणं लावत होतास, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?

त्याने खरोखर आठवून पाहिलं.

"गळू नये, एवढंच."

खोटं बोलत नव्हता तो. खोटं बोलला असता, तर मी कदाचित माफही केलं असतं. मी पानं पिळून जळाऊ कचऱ्यात टाकली, बरण्या विसळून पालथ्या घातल्या, आणि सप्टेंबरपासून येत नाही हे कळवायला शाळेला फोन लावला.