नव्या कातडीचा फाल्गुन

माझा चेहरा जाळून घ्यायचा, हा निर्णय बाबांनी आणि मी मिळून घेतला होता आणि मी तो आनंदाने घेतला होता, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचे वाचताना मी बिचारी वाटेन. बिचारी मी नव्हते. मला अकोल्याच्या एका ओव्हरसियरशी लग्न करायचे होते.

त्याला मी एकदाच पाहिले होते, अकोल्यातल्याच एका लग्नात. मंगलाष्टक म्हणताना एका चरणात एक अक्षर कमी पडले आणि तो अडखळला. पुढे पंगतीत तो वरण वाढत माझ्या पानाशी आला, तेव्हा मी ते त्याला सांगितले. कविता शिकलेल्या मुलींना असले उद्धटपण शोभते असा माझा तेव्हा समज होता. वाढायचा हात तसाच थांबवून तो म्हणाला, "मंग तुमच्याजवळचं एक द्या ना उसनं!" आणि हसला. त्या हसण्याला गरम वरणाचा, हिंगाचा वास होता. तो पुढे कितीतरी दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

आठवडाभराने त्याच्या वहिनीचा निरोप बाबांकडे आला. मुलगी शिकलेली आहे, घर चांगले आहे. पण चेहऱ्यावरचे देवीचे वण फार डोळ्यांत भरतात. चेहरा थोडा निवळला तर पाडव्यानंतर रीतसर बघायला येऊ. निरोप सभ्य होता. एखादी वस्तू पसंत आहे, फक्त तेवढी पॉलिश करून ठेवा, असे सांगावे, इतका सभ्य.

देवी मला सातव्या वर्षी आल्या होत्या, दर्यापूरजवळच्या आमच्या गावी. त्याच साथीत आई गेली आणि मी राहिले. मला राखले ते आत्याने. बाबांची ती थोरली बहीण, बालविधवा. घरातले बाकीचे दारापर्यंतच येत. ती मात्र माझ्या शेजारी जमिनीवर पडून कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालायची. खपल्या धरल्यावर तिने मला निंबाच्या पाण्याने न्हाऊ घातले आणि शिवेवरच्या मातामायला, देवीच्या ठाण्याला, दहीभात नेऊन तिची पाठवणी केली. आजार हा शब्द आत्याने कधी वापरला नाही. माय आली, माय गेली, एवढेच ती म्हणे. पुढे बाबा अमरावतीच्या शाळेत मास्तर झाले, आम्ही राजापेठेत राहायला आलो, आणि माझ्या गालांवरचे खड्डे माझ्याबरोबर वाढत गेले.

त्वचेचा डॉक्टर अकोल्यात नवा आला होता. मुंबईला शिकलेला, चाळिशीचा, बोलण्याला पुण्याकडचा काठ. त्याच्या दवाखान्यामागे जिनिंगची गिरणी होती. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगत असत. त्याने माझा चेहरा खिडकीकडे वळवला आणि अंगठ्याने एकेक खड्डा दाबून पाहिला. माझ्या चेहऱ्याला परक्या पुरुषाचा झालेला तो पहिला स्पर्श.

"मास्तर, खोटी आशा लावत नाही," तो म्हणाला. "खड्डे बुजणार नाहीत. वरची कातडी ॲसिडने काढू, नवी येईल. कडा उतरतील, वण उथळ दिसतील. पण अर्धे काम माझे, अर्धे यांचे. आठ-दहा दिवसांत खपली आपोआप गळेल, ती ओढायची नाही. हळद नाही, साबण नाही, पाला नाही. आणि सहा आठवडे ऊन नाही. नवी कातडी उन्हात काळी पडते, मग माझ्याकडे उपाय नाही."

आत्या दाराशी बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चामडीचा डॉक्टर म्हनतेत, अन् सोताच्या टकलावर एक केस उगोता आला नाई. अन् आमच्या पोरीले बटाट्यावानी सोलनार!"

बाबा हसले. मीही हसले.

माघाच्या शेवटी एका सकाळी ते झाले. आधी स्पिरिटने चेहरा पुसला. थंड, गोडसर, घशात उतरणारा वास. मग काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा कपाळावरून फिरला. पहिल्या क्षणी काहीच नाही. दुसऱ्या क्षणी कपाळाला आवाज असता तर ते किंचाळले असते. आग आतून बाहेर येत होती, जणू ती माझ्यातच कुठे तरी राखेखाली होती आणि डॉक्टरने फक्त फुंकर घातली. कंपाउंडर पुठ्ठ्याने वारा घालत होता. डॉक्टरने मध्येच आरसा धरला. सगळा चेहरा पांढरा पडला होता, पहाटेच्या गवतावर दहिवर गोठावे तसा. मला तो सुंदर वाटला. इतका गोरा चेहरा मी स्वतःचा कधी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी तोच चेहरा वाळल्या पानासारखा तपकिरी झाला. हसले की तडकायचा, म्हणून मी हसत नसे. भात कालवून, बारीक घास करून ओठांत सरकवत असे. राजापेठेत असा चेहरा लपत नाही. शेजारणींना काय सांगायचे, हा बाबांपुढचा मोठा प्रश्न होता. चेहऱ्यावर इलाज करून पोरगी खपवली, असे उद्या कोणी म्हणायला नको. म्हणून त्यांनी मला आत्याबरोबर गावी पाठवले. डॉक्टरच्या सूचना त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कागदावर लिहून दिल्या. आत्याला वाचता येत नव्हते. कागद माझ्याजवळ होता, हे इथे नोंदवते.

गावच्या घराच्या आतल्या खोलीत, बंद खिडकीशी मी पाच दिवस बसून राहिले. आत्या येता-जाता माझ्याकडे पाही, दर वेळी थोडा अधिक वेळ. खपल्यांनी भरलेला चेहरा, तेच घर, तीच खोली. तिला डॉक्टर दिसत नव्हता, बाटली दिसत नव्हती. तिला एकच दिसत होते, आणि ते तिने पूर्वी पाहिलेले होते.

नवव्या दिवशी दुपार चढल्यावर निंबाच्या पाण्याचा कडू वास खोलीत आला. आत्याने घंगाळ आणून ठेवले.

"ऊठ वं बाई. न्हाऊन घे."

"डॉक्टर पाला नको म्हणाले ना, आत्या."

"डॉक्टरले का मालूम? त्यानं तेजाब लावलं अन् माय जागी झाली. मले दिसून राहिलं ना! आता जाऊन राहिली ते. तिले तशीच रिकामी पाठवू? मांगच्या बारीले तुह्या मायले घेऊन गेली. आता कोनाले नेऊ देऊ?"

"असं काही नसतं, आत्या. आणि ऊन..."

"ऊन तिचंच हाये," आत्या म्हणाली. "मी तुले मागून घेतलं होतं तिच्यापासून. तुले काय मालूम मी काय-काय कबूल केलं होतं."

तिने ओल्या फडक्याने माझ्या खपल्या पुसून काढल्या. तिच्याइतक्या हलक्या हाताने मला कोणी शिवलेले नाही, आणि त्याच हाताने तिने जे गळायचे होते त्याबरोबर जे गळायचे नव्हते तेही काढले. मग दहीभाताची वाटी घेऊन आम्ही निघालो. मातामायला अनवाणी जायचे असते आणि माध्यान्हीलाच जायचे असते. फाल्गुनातले ऊन, काळी जमीन भेगाळलेली, उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि चेहऱ्यावर असे काही, की ज्याला अजून ऊन म्हणजे काय ते माहीत नव्हते. शिवेपर्यंत जाऊन परत यायला तास गेला. वाटेत ढग नव्हता, झाड नव्हते. कागद घरी, माझ्या पेटीत होता.

मी का गेले? आत्यावरच्या मायेने, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते अर्धेच खरे आहे. त्या पुसलेल्या चेहऱ्याने मी आरशात पाहिले होते. कोवळ्या गाजरासारखी, ओलसर, गुलाबी कातडी. मला वाटले, झाले, आता हे माझे. अशा चेहऱ्याला कोण काय करणार? आत्या मायच्या भीतीने चालत होती आणि मी गर्वाने.

काळेपण हळूहळू आले, दूध नासावे तसे. आधी गालांच्या उंचवट्यांवर, मग नाकावर, मग वरच्या ओठावर. पाडव्यापर्यंत माझ्या तोंडावर जांभळट-तपकिरी डाग पसरले होते. गंमत अशी की डॉक्टरचे अर्धे काम चोख झाले होते. डोळे मिटून मी बोटे फिरवत असे तेव्हा कडा खरोखरच उतरलेल्या लागत. बोटांना गाल पूर्वीपेक्षा गुळगुळीत होता. पण मुलगी बघायला येणारे बोटांनी बघत नाहीत.

ते आले. तो, त्याची वहिनी, भाऊ. मी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्याने वर पाहिले आणि लगेच बशीत पाहिले. बराच वेळ तो पोह्यांतले दाणे बाजूला काढत होता. वहिनीने मला अंगणाच्या बाजूला नेले, हनुवटी धरली.

"हे कायचे डाग जी?"

"उष्णतेचे असतील," बाबा आतून म्हणाले.

"मांगं लग्नात पायलं तवा बऱ्या होत्या तुमी," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरीचे वाईट वाटणे होते. "तवाचाच चेहरा बरा होता बाई."

चार दिवसांनी नकार आला. आत्या देवघरापुढे बसून म्हणाली, तेजाबानं मायले डिवचलं, तिनं बदला घेतला. बाबा म्हणाले, डॉक्टरने पोरीचा सत्यानाश केला. त्या दोघांच्या मध्ये मी बसले होते आणि दोघांनाही एका वाक्यात खोटे पाडू शकत होते.

बाबा मला घेऊन अकोल्याला गेले. दवाखाना भरलेला होता. बाबांना वर्गात ओरडायची सवय होती. त्यांचा आवाज बाकांवरच्या सगळ्यांनी ऐकला.

"उन्हात गेल्या होत्या का?" डॉक्टरने शांतपणे विचारले.

"पाऊलसुद्धा नाही! माझी बहीण डोळ्यांत तेल घालून बसली होती. शपथेवर सांगतो."

बाबांना खरेच माहीत नव्हते. डॉक्टर उठला. माझा चेहरा त्याने पुन्हा खिडकीकडे वळवला आणि कपाळावर त्याचा अंगठा थांबला. मातामायपुढे जाताना आत्याने मला पदर अर्ध्या कपाळापर्यंत ओढायला लावला होता. त्या पदराच्या काठाची रेघ तिथे होती, आखल्यासारखी. रेघेच्या वर, झाकलेले तेवढे गुलाबी, रेघेखाली काळे. बाबांनी ती रोज पाहिली होती आणि डागांतला एक डाग समजले होते. डॉक्टरने ती अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली, आणि मग माझ्या डोळ्यांत पाहिले. तो थांबला होता. बोलायला त्याने मला पुरेसा वेळ दिला.

घरी परतून सत्य सांगितले असते तर बाबांनी आत्याला त्याच दिवशी गावी कायमचे पाठवले असते, हे खरे. पण त्या क्षणी मी आत्याचा विचार करत नव्हते. बाकांवर दहा-बारा माणसे बसली होती आणि त्यांच्यापुढे, आपणच आपल्या पायांनी चालत जाऊन हे करून घेतले, असे म्हणायची मला लाज वाटली. मी डोळे खाली केले.

"असेल मास्तर," डॉक्टर म्हणाला. "द्रावण तेज झाले असेल माझ्याकडून."

बाबांनी ते वाक्य राजापेठेत घरोघर सांगितले. दर्यापूरकडच्या, अमरावतीच्या दोन-चार मुलींचे त्याच्याकडे जाणे रद्द झाले असे कानावर आले. पावसाळ्यानंतर केव्हा तरी तो डॉक्टर अकोला सोडून गेला. कशामुळे गेला, मी कोणाला विचारले नाही.