माझ्या डोळ्यांच्या मापाची लेन्स

दुकानात शिरल्या शिरल्या आमच्या ह्यांनी जाहीर करून टाकलं, "जवळ आणणारी लेन्स दाखवा. लांबचं एकदम जवळ आणणारी." कॅमेरा माझ्यासाठी, फोटो मी काढणार, पण बोलायचं ह्यांनी, ही आमच्या संसारातली जुनी वाटणी आहे. भाजीवाल्याशी मी हुज्जत घालते आणि काचेचं दार असलेल्या दुकानात हे पुढे होतात. मीही गप्प राहिले, कारण मला आधी काउंटरची कड हाताने शोधायची होती.

ह्यांचा हिशेब सरळ होता. बायकोला कमी दिसतं, म्हणजे तिला सगळं मोठं आणि जवळ दिसायला हवं. गिरगावातल्या आमच्या अख्ख्या चाळीचं हेच मत होतं. मला झालाय काचबिंदू, पण लोकांच्या ओळखीचा मोतीबिंदू. "एवढंसं ऑपरेशन गं, सकाळी जायचं, दुपारी घरी," असं मला नळापाशी, जिन्यात, गॅलरीत सारखं सांगितलं जायचं. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, नंतर नंतर नुसतं हं म्हणायला लागले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आणि माझी मधून गेली नाही, कडेने गेली. समोर धरलेलं पुस्तक मी आजही वाचते, सुईत दोरा ओवते. पण माझ्या शेजारी येऊन बसलेला माणूस माझ्या लेखी तिथे नसतो. तिथे काळोख दिसतो म्हणावं, तर तसंही नाही. तिथे काही असेल हेच मनात येत नाही.

हे आम्हाला कळलं ते हळदीकुंकवामुळे. संक्रांत होऊन गेली होती. आमच्या दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बायका बसल्या होत्या. मी एका टोकाकडून सुरुवात केली, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं, तिळगूळ दिला, मग वाण वाटलं. दाराशी, माझ्या डाव्या हाताला समोरच्या खोलीतल्या वहिनी बसल्या होत्या. त्यांना मी कुंकू लावलं नाही आणि वाणही दिलं नाही. आदल्याच आठवड्यात गॅलरीतल्या वाळत घालायच्या दोरीवरून आमची चांगलीच जुंपली होती, त्यांच्या चादरींचं पाणी माझ्या दारात ठिबकायचं. आता सवाष्णीला घरी बोलवायचं आणि चार बायकांत कुंकवाशिवाय उठवायचं, ह्याचा अर्थ मजल्यावरच्या कुणालाही विचारावा लागला नाही. वहिनींनी माझ्या तोंडावर दार लावायला सुरुवात केली. मला वाटलं, चादरींचा राग अजून उतरलेला नाही.

शेवटी ह्यांनीच विषय काढला. "अगं, एवढा राग होता तर बोलवायचंच नाही ना त्यांना."

"कुणाला? वहिनी आल्या कुठे होत्या?"

हे माझ्या समोर येऊन बसले. मग म्हणाले, "आतून मसाला दुधाचे पेले मीच आणून देत होतो. पहिला पेला त्यांना दिला. तू त्यांच्या पायाला पाय लावून उभी होतीस."

दादरच्या डॉक्टरांकडे माझी नजर तपासली. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ दिवा लागेचना. मी तिथल्या मुलीला म्हटलं, "अहो, तुमचं मशीन बंद पडलंय." नंतर डॉक्टरांनी कागद दाखवला. त्यात मध्ये लहानसा पांढरा गोल होता आणि भोवती सगळं काळं. ते म्हणाले, थेंब नियमित घाला, उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. टिकेल असं म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही, मला भीती वाटली.

ह्यांनी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या रडत आल्या, त्यांनीच मला कुंकू लावलं, माझे दोन्ही हात धरून बसल्या. मनाने मोठी बाई. फक्त तेव्हापासून त्या माझ्याशी ओरडून बोलतात, माझे कान गेल्यासारखं.

फोटो मी लग्नाआधीपासून काढते. शाळेत चित्रकला शिकवायचे, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात असायचा. चाळीतली बारशी, मुंजी, सत्यनारायण, सगळं मी काढलेलं आहे, आणि त्यातही मला चेहऱ्यांचा सोस. चाळीतल्या कित्येक घरांत भिंतीवर जे हार घातलेले फोटो आहेत ते माझ्या हातचे आहेत. लोक मला गमतीने म्हणायचे, तुझ्यासमोर बसायची भीती वाटते. तो माझा जुना कॅमेरा मी एके दुपारी टेबलाच्या कडेवर ठेवला. म्हणजे मला वाटलं, तिथे टेबल आहे. ह्यांनी तुकडे गोळा केले आणि म्हणाले, "जुना झालाच होता. नवा घेऊ, डिजिटल, एकदम आजकालचा." डोळे आहेत तोवर घेऊ, असं ह्यांच्या मनात असणार. माझ्याही होतं. आम्ही दोघांनीही ते तोंडाबाहेर काढलं नाही.

तर त्या दुकानदाराने लांबलचक लेन्स काढून नव्या कॅमेऱ्याला लावली आणि माझ्या हातात दिली. मी ती काचेच्या दारातून बाहेर रोखली. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या एका गृहस्थाच्या मिशा दिसल्या, केस न् केस स्वच्छ. पण नुसत्या मिशाच. त्यांचा मालक कुठे उभा आहे, एकटा आहे की कुणाबरोबर, काही पत्ता लागेना. मी कॅमेरा इकडे हलवला तर एक कान आला, तिकडे हलवला तर कसली तरी पाटी. मला गरगरायला लागलं. आधीच माझ्याकडे जग तुकड्यांनी येतं, त्यात ह्या लेन्सने तुकड्याचाही तुकडा करून दिला.

"कशी आहे?" ह्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"मिशा छान आहेत," मी म्हटलं.

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक हातचं जातंय. त्याने घाईघाईने दुसरी लेन्स काढली, आखूड आणि पुढून फुगीर काचेची. "मॅडम, मग ही वाइड बघा. बिल्डरवाले लोक हीच नेतात. दहा बाय दहाची खोली घ्या तुम्ही, फोटोमध्ये हॉल दिसतो, हॉल."

"आम्हाला खोली विकायची नाहीये," हे म्हणाले.

मी तोवर कॅमेरा हातात घेऊन मागच्या स्क्रीनकडे पाहिलं होतं. तळहाताएवढी ती काच. तिच्यात अख्खं दुकान होतं. समोर दुकानदार, त्याच्या मागे छतापर्यंत गेलेली कपाटं, वर फिरणारा पंखा, उजवीकडे दार. डावीकडे आमचे हे, खांद्याला पिशवी लावून, कपाळावरचा घाम पुसत. आणि माझ्या अगदी उजव्या हाताशी, काउंटरला टेकून, स्टुलावर एक बाई बसली होती. आम्ही आलो तेव्हापासून ती तिथेच असणार. माझी पर्स बहुधा तिच्या मांडीवर आदळत होती आणि ती बिचारी मुकाट बसली होती. सगळंच बारीक होतं, बाहुलीच्या घरातल्यासारखं. पण माझ्या त्या पांढऱ्या गोलात ते पूर्ण मावत होतं. एखादी जागा एका नजरेत पाहून मला किती काळ लोटला होता कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं, आणि ते आवरेना.

"मॅडम, रडताय काय, डिस्काउंट देतो ना," दुकानदार म्हणाला.

हे लेन्सवर खूश नव्हते. माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघून म्हणाले, "ह्यात माणसं मुंगीएवढी दिसतात गं. तुला चेहरे आवडतात."

"चेहरे मला अजून डोळ्यांनी दिसतात," मी म्हटलं. "समोर आले की दिसतात. बाकीचं दिसत नाही, त्याच्यासाठी ही हवी."

आम्ही ती वाइड घेतली, आणि चेहऱ्यांसाठी म्हणून ह्यांच्या हट्टाने एक पन्नास एमएमची, समोरचं तेवढंच दाखवणारी साधी लेन्सही घेतली. दुकानातून बाहेर पडताना मी त्या स्टुलावरच्या बाईंची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय."

पुढचे काही दिवस मी फार खुशीत होते, हे कबूल करायला हवं. सबंध दिवस कॅमेरा चालू. फोटो काढायचे नाहीत, नुसतं त्या स्क्रीनमधून बघायचं. गॅलरीत उभी राहून मी चाळीचा अख्खा चौक पाहिला, सगळे मजले एकदम, त्यांवर वाळणारे कपडे, खाली खेळणारी पोरं. वहिनी त्यांच्या दारातून हात हलवत होत्या. त्या रोज हलवत असतील. मी त्यांना स्क्रीनमध्ये बघूनच हात केला तर त्या ओरडून म्हणाल्या, "दिसलं का गं?" मीही ओरडून म्हटलं, "दिसलं." सगळी चाळ हसली. मला वाटलं, जमेल मला असंसुद्धा.

मग तो रविवार आला. हे बाहेरच्या खोलीत, माझ्या डावीकडे, मोड आलेले वाल सोलत बसले होते. बिरड्याचे वाल सोलायचं काम ह्यांनी निवृत्तीनंतर स्वतःकडे घेतलंय आणि ते करताना ह्यांची बडबड अखंड चालू असते. तिसऱ्या मजल्यावरच्यांची नवी गाडी, ती लावायला त्यांना जागा कशी मिळत नाही, मग रोज सकाळी कुणाकुणाला हाका मारून गाड्या हलवायला लावतात, असं काहीतरी खुलवून खुलवून सांगत होते. मी देवघराचा फोटो घ्यायला म्हणून कॅमेरा समोर धरला. मध्ये देव होते, बाजूला खिडकी होती आणि स्क्रीनच्या अगदी डाव्या कडेला हे आले.

आवाज नेहमीचाच होता, मजेत आलेला. चेहऱ्यावरून मात्र पाणी ओघळत होतं. हे माझ्याकडे बघत होते, हातांनी वाल सोलत होते, गाडीची गोष्ट सांगत होते आणि रडत होते. नाक वाहायला लागलं तेव्हा आवाज न करता मनगटाने पुसलं आणि पुढचं वाक्य हसत हसत बोलले. त्यांना ह्याची सवय झाली होती, हे बघता क्षणी कळत होतं. मला डावीकडचं बघायचं तर आता सबंध मान वळवावी लागते. तेवढ्या वेळात माणूस चेहरा नीट करून घेऊ शकतो. किती महिने हे असं करत आले होते देव जाणे. मला इतकं वाईट वाटलं की काय करावं ते न कळून मी बटण दाबून टाकलं.

"आला का फोटो?" ह्यांनी विचारलं. "मी आलो की काय त्यात? बनियनवर आहे मी."

"नाही," मी मान न वळवता म्हटलं. "खिडकीपर्यंतच आलंय. तुम्ही नाही आलात."

"बरं झालं," हे म्हणाले. स्क्रीनच्या कडेला मला त्यांचे खांदे सैल झालेले दिसले. मग गाडीची गोष्ट पुढे सुरू झाली.

आमच्या घराला दोनच खोल्या आहेत, आणि त्या दोन्हींत मी असते. लग्नापासून ह्या माणसाला घरात एकट्याने बसायला कोपरा मिळालेला नाही. माझ्या डावीकडे मिळाला. आता हे घरात असले की मी वाइड लेन्स काढते, डबीत घालते आणि पन्नासची लावते.